आठचं फॅक्टोरियल मायनसमध्ये का आलं, हे मुलांना कॉलेजात कळायला हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात अकरावी ॲडमिशनच्या बातम्या सुरू होतात. कटऑफ कितीवर गेला, कुठल्या कॉलेजात किती जागा, पोर्टल चालतंय की बसलंय. हे सगळं पालकांना लागतंच, मीही दोन वर्षांपूर्वी रोज सकाळी तेच वाचत होते, पण ॲडमिशन झाल्यावर मुलं वर्गात बसून नक्की काय शिकतात यावर फार कमी छापून येतं, म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेसाठी कापावं लागलं तर कापा, फक्त मधला आकड्यांचा हिशेब तेवढा राहू द्या.

मी कळव्याला राहते आणि ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. माझ्या मुलीने यंदाच बारावी सायन्सची परीक्षा दिली, तिने बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं. मी पण १९९९ साली ठाण्यातूनच, हाच विषय घेऊन बारावी झाले. म्हणजे पंचवीसेक वर्षांच्या अंतराने एकाच घरात हा विषय दोनदा आला, त्यामुळे काय बदललं आणि काय तसंच राहिलं ते मला अगदी जवळून बघायला मिळालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या स्टेट बोर्डाच्या सायन्सला सेकंड लँग्वेज आणि एक ऑप्शनल विषय (बहुतेक जण बायो) सोडून त्याच्या जागी दोनशे मार्कांचा बायफोकल विषय घेता येतो. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल मेंटेनन्स वगैरे असतात, त्यातलाच एक कॉम्प्युटर सायन्स. दोन पेपर, प्रत्येकी शंभरचा, त्यात पन्नास थिअरी आणि पन्नास प्रॅक्टिकल. बारावीला पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल, दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, एक्स ८६ फॅमिली, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. सहाशे मार्कांच्या बारावीत दोनशे मार्क या एका विषयाचे. एवढं वजन फिजिक्सला नाही आणि मॅथ्सलाही नाही.

आणि हा विषय घेतात कशासाठी, तर स्कोरिंग आहे म्हणून. आमच्या सोसायटीत, ट्रेनमध्ये लेडीज डब्यात, क्लासच्या पालकसभेत मी हे एकच वाक्य ऐकलंय, "घ्या घ्या, प्रॅक्टिकलचे मार्क हातात असतात." विषय आवडतो का, त्यात काय आहे, हे कोणी विचारतच नाही. त्यासाठी मुलं मराठी सोडतात. दहावीनंतर मराठीचं पुस्तक परत कधीच हातात येत नाही त्यांच्या. माझं पण तेच झालं आणि मुलीचंही, आणि याचं वाईट मला आज वाटतं, पण तो वेगळा विषय आहे. एवढंच म्हणते की भाषेसारखी गोष्ट सोडून जर काही घेतलं असेल तर त्या बदल्यात मुलांना काहीतरी खरं मिळालं पाहिजे.

आता तो प्रसंग सांगते ज्यावरून हे सगळं डोक्यात घोळतंय. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मुलगी कॉलेजमधून आली ती वैतागलेली. प्रॅक्टिकलला फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम होता. फॅक्टोरियल म्हणजे एकापासून त्या आकड्यापर्यंत सगळे आकडे एकमेकांना गुणायचे, पाचचं १२०, सातचं ५०४०. हिने गंमत म्हणून आठ टाकला तर स्क्रीनवर आलं -२५२१६. सगळे आकडे पॉझिटिव्ह, नुसता गुणाकार, आणि उत्तर मायनसमध्ये. ती मॅडमकडे गेली, तर मॅडम म्हणाल्या, "अगं आठ कशाला टाकतेस, एक्स्टर्नल (बाहेरून येणारे परीक्षक) आले तरी पाच टाकायला सांगतात, पाच टाक, १२० येतं, तेच जर्नलमध्ये लिही."

मी मॅडमना दोष देत नाहीये, हे आधी सांगते. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सकाळी आमच्या बाजूचं कॉलेज, दुपारी वाशीला दुसरं कॉलेज. बॅच मोठी, चालू कॉम्प्युटर त्याच्या निम्मे, एका मशीनवर तीन-तीन पोरं, आणि जर्नल वेळेत पूर्ण करून घ्यायचं. अशा गडबडीत एका मुलीला बाजूला घेऊन आठचं फॅक्टोरियल समजवायला त्यांना वेळ कुठून मिळणार. पण प्रश्न चांगला होता, आणि त्या प्रश्नाला कॉलेजात जागा नव्हती, हे मला लागलं.

रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. मी तिला आपल्या जिन्याखालच्या जुन्या लाइट मीटरची आठवण करून दिली, ९९९९ झाले की पुढचा आकडा परत ०००० येतो, कारण घरंच चार. मशीनचंही तसंच. कॉलेजात जे टर्बो सी प्लस प्लस नावाचं सॉफ्टवेअर वापरतात त्यात इंटिजरला, म्हणजे पूर्णांकाला, १६ बिटांची जागा असते. एक बिट म्हणजे शून्य किंवा एक. असे १६ लावले तर एकूण ६५५३६ वेगवेगळे आकडे बसतात, त्यातले निम्मे मायनससाठी ठेवलेले, म्हणजे -३२७६८ पासून ३२७६७ पर्यंत. आठचं फॅक्टोरियल आहे ४०३२०. ते बसत नाही, मीटर फिरतो. तिला म्हटलं ४०३२० मधून ६५५३६ वजा कर. तिने मोबाइलवर केलं, -२५२१६.

ती एक मिनिट गप्प होती. मग म्हणाली, "आई, हा ६५५३६ मी कुठेतरी बघितलाय," आणि उठून दुसऱ्या पेपरचं पुस्तक घेऊन आली. ८०८५ च्या धड्यात होतं, ८०८५ ला १६ ॲड्रेस लाइन असतात म्हणून तो ६५५३६ ठिकाणं मोजू शकतो, म्हणजेच ६४ केबी. आणि त्याच पुस्तकात पुढे ८०८६, १६ बिटांचा प्रोसेसर, ज्याच्यासाठी टर्बो मशीनचा कोड बनवतो. दीड वर्ष हा विषय शिकून झाला होता तोपर्यंत, आणि पेपर एक आणि पेपर दोन हा एकच विषय आहे हे तिला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. त्याआधी तिच्या डोक्यात दोन वेगवेगळे गठ्ठे होते, एक प्रोग्रॅम पाठ करायचा आणि एक पिन डायग्राम पाठ करायचा. चाळीस पिना, त्या तिला क्रमाने येत होत्या.

मग मी तिला एरियन ५ ची गोष्ट सांगितली. ४ जून १९९६, युरोपचं नवं कोरं रॉकेट, पहिलंच उड्डाण, साधारण ४० सेकंदांत फुटलं. कारण काय, तर एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत भरायला गेले आणि तो बसला नाही. आणि अजून एक, १९ जानेवारी २०३८, ज्या जुन्या सिस्टिम वेळ ३२ बिटांत सेकंदांनी मोजतात त्यांचा मीटर त्या दिवशी असाच फिरणार आहे. माझी मुलगी तेव्हा तिशीत असेल, कुठेतरी नोकरीत असेल. हे काम तिच्याच पिढीच्या अंगावर येणार आहे. म्हणजे मुलीने सहज टाकलेला आठ कुठपर्यंत जातो बघा, आणि आपण त्याला म्हणतो पाच टाक.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय वाईट नाही, तो शिकवला जात नाहीये. यावर बोलणारे बरेच लोक लगेच म्हणतात की सिलॅबस जुना आहे, ८०८५ काढून टाका, १९७६ सालची चिप आहे, आता कोण वापरतं, त्याऐवजी एआय आणा. मला हे पटत नाही. जुनी आहे हे खरं, पण ती छोटी आहे म्हणून शिकायला चांगली आहे. आजच्या मोबाइलमधला प्रोसेसर सतरा वर्षांच्या मुलाला आतून दाखवता येणार नाही, ८०८५ दाखवता येतो. आमच्या वेळी लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचो, एसी फक्त त्याच खोलीला, आणि चाळीस जणांत ८०८५ ची तीन किट होती, त्यावर छोटासा कीपॅड आणि लाल आकडे दाखवणारा डिस्प्ले. आमचे सर आधी कागदावर प्रोग्रॅम लिहायला लावायचे, मग प्रत्येक ओळीचा कोड तक्त्यातून शोधायचा, मग तो एकेक करून बटणांनी आत टाकायचा. ३ई, ०५, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या ए नावाच्या कप्प्यात (रजिस्टरमध्ये) पाच ठेव. ०६, ०३, म्हणजे बी मध्ये तीन. ८०, बेरीज कर. मग ३२, ५०, सी०, म्हणजे सी०५० या जागी नेऊन ठेव, आणि पत्ता उलटा लिहायचा, आधी ५० मग सी०, हे चुकलं की उत्तर भलतीकडे जाऊन बसायचं आणि आपण सी०५० वर जाऊन बघत राहायचो. शेवटी ७६, थांब. एवढं सगळं करून डिस्प्लेवर ०८ आला की वर्गात ओरडा व्हायचा. पाच आणि तीन आठ हे आम्हाला पहिलीपासून येत होतं, पण मशीनने आमच्या सांगण्यावरून केलेली ती पहिली बेरीज होती. सर पाठीमागे उभे असायचे आणि कोणाचं चुकलं तर स्वतः दुरुस्त करायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "शोध." आज ऑफिसमध्ये मी दिवसभर तेच करते.

मुलीच्या कॉलेजात किट कपाटात आहेत. दोन वर्षांत एकदा बाहेर काढून दाखवले, हात लावायला मिळाला नाही, बिघडतील म्हणून. प्रोग्रॅम जर्नलमध्ये लिहिले, इनपुट लिहिलं, आउटपुट पण लिहिलं, आणि ते आउटपुट कुठल्याच मशीनवर कधी आलं नव्हतं. किट नसले तरी अडत नाही खरं तर, ८०८५ चे सिम्युलेटर (कॉम्प्युटरवरच किटचं सोंग करणारी सॉफ्टवेअर) फुकट मिळतात, जीएनयूसिम ८०८५ नावाचा एक आहे, साध्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो, एकेक ओळ चालवून प्रत्येक रजिस्टरमध्ये काय बदललं ते डोळ्यांनी बघता येतं. आम्हाला ते पण बघता यायचं नाही. म्हणजे आज आमच्यापेक्षा चांगलं शिकवता येईल अशी साधनं फुकट पडलीयेत.

जे खरंच बदलायला पाहिजे ते तसंच ठेवलंय. सी प्लस प्लस भाषा १९८५ ला बाहेर आली, तिचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड १९९८ ला झालं, आणि मुलं अजून त्याच्या आधीच्या पद्धतीने लिहितायत. वर आयओस्ट्रीम डॉट एच, खाली व्हॉइड मेन, मग क्लिअर स्क्रीन, शेवटी गेटच. हा प्रोग्रॅम आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकला तर पहिल्या ओळीलाच एरर येते. टर्बो तर डॉसच्या काळातलं, आता विंडोजवर ते थेट चालतही नाही, म्हणून त्याला चालवायला आणखी एक डॉसचं सोंग करणारं सॉफ्टवेअर टाकतात. एवढा खटाटोप करून जुनं जपायचं आणि फुकट मिळणारा, आजचा कंपायलर टाकायचा नाही, हे मला कळत नाही. मुलं इंजिनीअरिंगला गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना वाटतं की आपल्याला काहीच येत नाही. येत असतं, फक्त वरच्या दोन ओळी चुकीच्या शिकवलेल्या असतात. शेजारचा मुलगा सीबीएसईला होता, त्यांना पायथन आहे आणि त्याच्या जोडीला मायएसक्यूएल, थिअरी ७० आणि प्रॅक्टिकल ३०, त्या तिसात एक प्रोजेक्ट पण करावा लागतो. मी असं म्हणत नाही की सी प्लस प्लस टाकून पायथन घ्या. सी प्लस प्लसने आकड्याला किती जागा लागते ते तरी कळतं, पायथनमध्ये आठचं फॅक्टोरियल गुपचूप बरोबर येतं. भाषा कुठलीही चालेल, पण ती आजची असू दे.

प्रॅक्टिकलबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सगळं तिथेच अडलंय. शंभर मार्क प्रॅक्टिकलचे. कॉलेजला वाटतं आपल्या मुलांचे मार्क कमी यायला नकोत, पालकांना वाटतं हेच मार्क तर हातातले, क्लासवाल्यांना वाटतं या विषयात मुलाचा वेळ जायला नको कारण इंजिनीअरिंगची ॲडमिशन सीईटीवर किंवा जेईईवर होते आणि त्यात हा विषय येतच नाही. तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे. पण तिघांचं मिळून असं होतं की चिठ्ठी उचलायची, जर्नलमधलाच प्रोग्रॅम येतो, तो पाठ असतो, टाइप करायचा, नाही चालला तर कोणीतरी चालवून देतं, सही होते, मार्क मिळतात. घोडबंदर रोडच्या इंटिग्रेटेडवाल्या (कॉलेज नावापुरतं, शिकणं सगळं क्लासमध्ये) मुलांचं तर विचारूच नका, माझ्या मुलीच्या दोन मैत्रिणी तशा आहेत, कॉलेज दोन वर्षांत जर्नल आणि प्रॅक्टिकलपुरतं बघितलं. स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानात तयार जर्नल मिळतात हे मी स्वतः बघितलंय. त्या मुलांना बबल सॉर्ट, म्हणजे आकडे क्रमाने लावायचा प्रोग्रॅम, तोंडपाठ आहे आणि दहा आकडे हातात दिले तर लावून दाखवता येत नाहीत.

उपाय फार मोठा नाहीये. चिठ्ठीत जर्नलमधलाच प्रोग्रॅम येऊ दे, पण तो चालला की एक्स्टर्नलने एक छोटा बदल सांगावा. चढत्या क्रमाने लावलेत ना, आता उतरत्या लावून दाखव. पाच आकड्यांचं केलंस, दहाचं कर. आठ टाक आणि मला सांग असं का आलं. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याने स्वतः केलंय त्याला ते येतं आणि ज्याने पाठ केलंय त्याला येत नाही. पन्नासातले दहा-पंधरा मार्क जरी त्या बदलाला ठेवले तरी दुसऱ्या वर्षापासून मुलं लॅबमध्ये मशीनसाठी भांडायला लागतील, आणि मग कॉलेजला मशीन दुरुस्त करावी लागतील.

माझ्या नणंदेची मुलगी इंग्लंडला असते, तिथे अकरावी-बारावीला सिक्स्थ फॉर्म म्हणतात, ती कॉम्प्युटर सायन्स ए लेव्हलला घेऊन शिकली. तिच्याशी माझ्या मुलीचं रोज व्हिडिओ कॉलवर चालायचं म्हणून मला कळत गेलं. तिच्या बोर्डाचा पहिला पेपर कॉम्प्युटरवर बसूनच असतो, अडीच तास, चाळीस टक्के. परीक्षेच्या आधी त्यांना एक अर्धवट प्रोग्रॅम देऊन ठेवतात, तो वाचून समजून घ्यायचा, आणि पेपरात त्याच्यात बदल करायला सांगतात. दुसरा पेपर लेखी, चाळीस टक्के, त्यात बायनरी, लॉजिक गेट, असेंब्ली सगळं आहे. हो, असेंब्ली त्यांनाही आहे, त्यांनी जुनं म्हणून काढलेलं नाही. आणि उरलेले वीस टक्के स्वतःच्या प्रोजेक्टला. या भाचीने तिथल्या मराठी लोकांच्या मंडळाच्या हॉलच्या बुकिंगचा प्रोग्रॅम केला, एकाच वेळी दोन कार्यक्रम पडू नयेत असं. रजिस्टर सांभाळणाऱ्या काकांना जाऊन विचारलं की तुम्हाला अडचण काय येते, ते लिहून काढलं, मग डिझाइन, मग प्रोग्रॅम, मग टेस्टिंग, आणि कुठे चुकलं आणि काय जमलं नाही हे सुद्धा लिहायचं होतं. टेस्टिंगला वेगळे मार्क. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, वीस वर्षं मी हे काम करते आणि आपल्याकडे कुठल्या वर्गात या शब्दाला मार्क असलेले मी बघितले नाहीत.

कोणी म्हणेल त्यांचं काय, श्रीमंत देश. पण त्यांच्याकडेही हे आधीपासून असं नव्हतं. शाळांतून नुसतं वर्ड-एक्सेल शिकवत बसले होते, २०१२ च्या जानेवारीत तिथल्या रॉयल सोसायटीने रिपोर्ट काढला की हे बरोबर चाललेलं नाही, आणि सप्टेंबर २०१४ पासून शाळेचा अभ्यासक्रम बदलून कॉम्प्युटिंग आणलं. आणि आपणही काही मागून आलेलो नाही, १९८४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर न्यायला क्लास नावाचा प्रकल्प काढला होता, त्यासाठी मशीन तिकडचीच आणली होती, बीबीसी मायक्रो. त्यांनी सुधारलं म्हणजे आपल्यालाही सुधारता येईल, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

मुलांमध्ये कमी आहे असं तर अजिबात नाही. मुलीच्या वर्गात विटाव्याची एक मुलगी आहे, वडील शेअर रिक्षा चालवतात. घरी कॉम्प्युटर नाही. तिने सगळा सी प्लस प्लस मोबाइलवर केला, स्क्रीनला तडा गेलेला, तेवढ्याशा कीबोर्डवर कंस आणि सेमीकोलन शोधत. वडील रात्री सुट्टे पैसे मोजत बसतात आणि हिशेब लागत नाही म्हणून हिने प्रोग्रॅम लिहिला, फेरी किती, सीट किती, गॅस किती, रोजचं मांडायचं आणि आठवड्याचा सगळ्यात चांगला दिवस वर दाखवायचा. आकडे लावायला बबल सॉर्टच वापरला, जर्नलमधला, फक्त उलटा करून. आमच्या घरी येऊन तिने मला दाखवला. मी सवयीने लगेच चुकीचं काहीतरी टाकून बघितलं, सीट मायनस दोन. प्रोग्रॅमने घेतलं. तिचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेसेज आला, काकू आता टाकून बघा. या मुलीला प्रॅक्टिकलला चिठ्ठीत पाढे छापायचा प्रोग्रॅम आला. तिने एक्स्टर्नलना विचारलं की माझा एक वेगळा प्रोग्रॅम आहे, दाखवू का. ते चांगलं बोलले तिच्याशी, पण म्हणाले बाळा याला मार्क नाहीत. आणि खरंच नाहीत. तिला आणि झेरॉक्सच्या दुकानातून जर्नल आणलेल्या मुलाला साधारण सारखेच मार्क मिळणार.

एआय आलं, आता प्रोग्रॅम शिकायचाच कशाला, हे पण मला रोज कोणीतरी विचारतं. आमच्या ऑफिसात गेली काही वर्षं एआयने लिहिलेला कोड येतोय आणि तो मला तपासावा लागतो. बहुतेक वेळा चालतो. जेव्हा चुकतो तेव्हा तो नीटनेटका दिसत चुकतो, सगळं छान मांडलेलं आणि एका कोपऱ्यात -२५२१६. ते ज्याला दिसतं त्यालाच आमच्याकडे काम आहे. ठाण्याहून ऐरोलीला जाणारी ट्रान्स हार्बर लोकल सकाळी दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून भरून निघते, त्यातले निम्मे चेहरे याच कामावर जाणारे असतात, पुढे रबाळे-महापेच्या पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटर उभी राहतायत. आपल्या मुलांना घरापासून अर्ध्या तासावर हे सगळं आहे, आणि नेटवर्किंगच्या धड्यात ती स्टार टोपोलॉजीची आकृती पट्टीने आखत बसतात.

ज्या पालकांचा आता फॉर्म भरायचाय त्यांना एक सांगावंसं वाटतं. बायफोकल घेणार असाल तर प्राधान्यक्रम भरायच्या आधी एकदा कॉलेजात जाऊन लॅब बघून या. किती मशीन चालू आहेत ते मोजा, एका मशीनवर किती मुलं बसतात विचारा, कंपायलर कुठला आहे विचारा, ८०८५ चा किट किंवा सिम्युलेटर मुलांच्या हातात देतात का विचारा, आणि शिकवणारे सर किंवा मॅडम वर्षभर तेच राहणार आहेत का हे सुद्धा विचारा. तोंड वाकडं करतील, करू देत. या विषयाची फी वेगळी भरतो आपण, विचारायचा हक्क आहे. दहा पालकांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळी उत्तर तयार असेल.

आणि बोर्डाला विनंती आहे की प्रॅक्टिकलमध्ये त्या एका बदलाचे मार्क ठेवा आणि जर्नलमधून व्हॉइड मेन काढा. बाकी धडे आत्ता राहिले तरी चालतील.

शनिवारी मला सुट्टी असते. कळवा, ठाणे किंवा ऐरोलीच्या कुठल्या ज्युनिअर कॉलेजला लॅबमध्ये मुलांसोबत बसायला कोणी हवं असेल तर मी यायला तयार आहे, पैसे नकोत. आमच्या ऑफिसातल्या अजून दोघींना विचारलंय, त्याही हो म्हणाल्यात. विटाव्याची मुलगी तर म्हणतेय, काकू, अकरावीवाल्यांना मीच शिकवीन. माझा फोन नंबर पत्राच्या पाकिटात वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नका, पण कॉलेजने मागितला तर द्या.

आपली,
एक पालक, कळवा